मध्याला एकदा, टोकाला एकदा: जुनं मिलिंग मशीन घेतानाच्या नोंदी

८ नोव्हेंबर

लेथच्या सॅडलवर व्हर्टिकल स्लाइड बांधून खाचा आणि की-वे काढायचा उद्योग आज थांबवला. १० मिमीची एंडमिल (फिरणारा कटर) लावून माइल्ड स्टीलमध्ये अर्ध्या मिमीचा कट घेतला तरी जॉब थरथरतो आणि पृष्ठभाग नांगरल्यासारखा दिसतो. मिलिंग मशीन, म्हणजे फिरत्या कटरखाली जॉब सरकवून कापणारं मशीन, लागणार. जुनंच लागणार, कारण नव्यात जे झेपतं ते बेंचवर ठेवायचं हलकंफुलकं मशीन, आणि थरथरीचं रडगाणं तिथंही संपत नाही.

समोर मशीन आलं की भान सुटतं, हा स्वतःचाच अनुभव. म्हणून गरज आधीच वहीत लिहिली. जॉब बहुतेक २५० × १५० मिमीच्या आतले. अ‍ॅल्युमिनियम, माइल्ड स्टील, कधीतरी बीड (ओतीव लोखंड). ०.०५ मिमीची अचूकता पुरे, ०.०२ मिळाली तर चांगलंच. वीज सिंगल फेज. दोन पाखांचं दार, मोकळी रुंदी १५०० आणि उंची २०५० मिमी. छत २४५०.

टरेट धाटणीचं, म्हणजे ब्रिजपोर्टसारखं मशीन बघायचं ठरवलं. मूळ मशीन १९३८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट शहरात रुडॉल्फ बॅनो यांनी आणलं, आणि त्यानंतर जगभर त्याच्या इतक्या नकला झाल्या की स्पिंडलचा (कटर फिरवणाऱ्या दांड्याचा) आर-८ टेपर आणि त्यात बसणारे, कटर पकडणारे कॉलेट आजही सहज मिळतात. (नकलेचा प्रत्येक भाग मुळाला बसेलच असं मात्र धरून चालायचं नाही.) वजन जवळजवळ एक टन. टेबल १०६७ मिमी, म्हणजे ४२ इंच. दोन्ही टोकांना पूर्ण सरकवलं की त्याला स्वतःच्या लांबीच्या दीडपटीहून जास्त जागा लागते. खडूने फरशीवर आखून पाहिलं. कपाट हलवावं लागेल.

१४ नोव्हेंबर

बघायला जाताना न्यायची पिशवी भरली. ०.०१ मिमीचा डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारा) आणि चुंबकी स्टँड, ०.००२ची पपी डायल (अडचणीत शिरणारी छोटी), ३०० मिमीचा गुण्या, १२ मिमीचा आर-८ कॉलेट आणि त्यात बसणारा ग्राइंड केलेला सरळ रॉड, बॅटरी, एलन कीचा जुडगा, चिंध्या, वही. शेजारचे काका सोबत येणार आहेत. आयुष्यातली तीस वर्षं त्यांनी टूलरूममध्ये काढली. त्यांनी पिशवीत डोकावून एवढंच म्हटलं, "हात धुऊन ये. डायलच्या आधी हाताला कळतं."

२१ नोव्हेंबर

पहिलं मशीन. लांबूनच हिरवंगार, चकचकीत. जवळ गेल्यावर ऑइल निपलवर रंग, जिबच्या (स्लाइडमधली फट आवळणाऱ्या पाचरीच्या) स्क्रूच्या खाचेत रंग, नावाच्या पट्टीवरही रंग. रंग लावणं हा गुन्हा नाही, पण बुजलेल्या निपलमधून तेल कुठून जाणार?

विकणारा डीआरओ (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारा डिस्प्ले) चालू करून आकडे पळवून दाखवत होता. मी एक्सचं, म्हणजे टेबल डावी-उजवीकडे नेणारं, हँडल फिरवलं. टेबल मधोमध होतं. एका बोटाच्या जोराने सरकलं, अगदी अलगद. मनातल्या मनात मी मशीन घरी नेलंसुद्धा.

"टोकापर्यंत ने," काका म्हणाले.

डावीकडे शेवटचे दीडशे मिमी राहिले तसं हँडल जड होत गेलं. अगदी टोकाला दोन्ही हात लावावे लागले. उजवीकडेही तेच. जॉब धरणारा व्हाइस नेहमी टेबलाच्या मध्यावर असतो, काम तिथंच होतं, म्हणून डोव्हटेल (टेबल सरकतं ती तिरप्या कडांची स्लाइड) मध्यातच झिजते आणि टोकं कोरी राहतात. मध्यातला प्ले (ढिलेपणा) काढायला कोणीतरी जिब आवळला की न झिजलेल्या टोकांना टेबल अडकतं. टोकं मोकळी करायला जिब सैल केला की मध्यात टेबल डुलतं. याला जिब पुरत नाही. डोव्हटेल ग्राइंड करून स्क्रेपिंग (हाताने खरवडून सपाट) करायला लागतं, आणि ते माझ्या आवाक्यातलं काम नाही.

मग बॅकलॅश, म्हणजे हँडल उलट फिरवल्यावर रिकामा जाणारा भाग. डायल टेबलाला लावला, हँडल एका दिशेने फिरवून शून्य केलं, उलट फिरवत काटा हलेपर्यंत हँडलवरच्या रेघा मोजल्या. मध्यात ०.६५ मिमी, डाव्या टोकाला ०.२५. इथेही तीच गोष्ट: नट सगळीकडे एकच आहे, तेव्हा हा फरक लीडस्क्रूचा, म्हणजे त्या नटातून टेबल सरकवणाऱ्या लांब स्क्रूचा. नट आवळून मध्य बसवला तर टोकाला स्क्रू फिरणारच नाही. दोन्ही बदलावे लागतील.

स्पिंडल मात्र चांगला होता. टेपरच्या आत पपी डायल लावून ०.००८. विकणाऱ्याने त्यावर बराच भर दिला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण स्पिंडलचे बेअरिंग बदलता येतात. डीआरओबद्दल परत येताना काका म्हणाले, "टेबल कुठे आहे ते तो सांगतो. टेबल कुठे झुकलंय ते नाही सांगत."

नाही म्हणून कळवलं.

२४ नोव्हेंबर

वहीत उभी रेघ मारून दोन रकाने पाडले: मध्य, टोक. यापुढे प्रत्येक माप दोनदा. सारखी झीज चालेल, तिला आवळता येतं. कमीजास्त झीज नको.

५ डिसेंबर

दुसरं मशीन एका प्रशिक्षण संस्थेच्या बंद होणाऱ्या कार्यशाळेतलं. पहिल्याच्या अगदी उलटं. धुळीचा थर, वायचं (टेबल पुढे-मागे नेणारं) हँडल वाकलेलं, पॉवर फीड मेलेला, टी-स्लॉटची एक कड तुटलेली. टेबलावर ड्रिलचे खड्डे मोजले, तेवीस. शिवाय एंडमिलने काढलेली एक सुबक कमान. कोणा विद्यार्थ्याचा पहिला दिवस असणार.

पण चिंधीने टेबलाखालच्या सॅडलची आणि ते सगळं वर-खाली नेणाऱ्या नीची स्लाइड पुसली आणि बॅटरी तिरपी धरली, तर खाली स्क्रेपिंगच्या चंद्रकोरी जवळजवळ पूर्ण दिसत होत्या. या खुणांत तेल धरून राहतं, आणि झीज झाली की आधी त्याच पुसल्या जातात. विकण्यापूर्वी हँडग्राइंडरने खोट्या खुणा काढणारे लोकही असतात, म्हणून वायपरच्या (चुरा अडवणाऱ्या पट्टीच्या) खाली, जिथे काहीच घासत नाही, तिथल्या खुणांशी त्या ताडून पाहिल्या. खोली तीच. फक्त नीच्या वरच्या भागात, जिथे ती बहुतेक वेळ उभी असते, तिथे चंद्रकोरी अस्पष्ट झालेल्या. विद्यार्थ्यांच्या मशीनचं हे असं असतं. मार खूप खातं, चालतं कमी. खड्डे डोळ्याला खुपतात, कामाला सहसा नाही.

मापं, आज काढली तशी:

एक्सचं हँडल मध्यात जड, टोकाला तेवढंच जड. "जिब घट्ट असावा" असं लिहिलं.

एक्स बॅकलॅश मध्यात ०.३०, दोन्ही टोकांना ०.३०. म्हणजे झिजलाय तो नट, स्क्रू नाही. वाय ०.३५, सगळीकडे सारखाच.

टेबल पूर्ण उजवीकडे नेऊन बाहेर आलेलं टोक हाताने उचललं, डायल सॅडलवर ठेवून टेबलाच्या खालच्या बाजूला लावलेला. ०.०२.

गुण्या टेबलावर उभा केला, डायल स्पिंडलला पकडला आणि नी २०० मिमी वर नेली. एक्स दिशेत ०.०१, वाय दिशेत ०.०४. नीचा लॉक आवळल्यावर काटा ०.०१५ सरकला. या परीक्षेत हेड (मोटर आणि स्पिंडलचा वरचा भाग) तिरकं असलं तरी बिघडत नाही, कारण डायल जागचा हलत नाही, हलते ती नी.

स्पिंडलच्या टेपरमध्ये रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.००६. कॉलेटमधल्या रॉडवर १०० मिमी खाली ०.०२, पण त्यात कॉलेटचा दोषही आला. टेपरमधली छोटी पिन तुटलेली. तिची काळजी नाही. कटर फिरतो तो ड्रॉबारने (वरून आवळायच्या लांब बोल्टने) टेपर घट्ट ओढल्यामुळे. पिन फक्त आवळताना कॉलेट फिरू नये म्हणून असते, आणि कित्येक जण ती मुद्दाम काढून टाकतात.

क्विल (स्पिंडलला खाली-वर नेणारी नळी) १०० मिमी बाहेर काढून हाताने ढकलली, ०.०४. क्विल लॉक लावला की प्ले गेला.

मग चालवून पाहिलं. चालू न करता मशीन घ्यायचं नाही, एवढा नियम पाळलाच. वरच्या वेगात वीस मिनिटं. क्विलचं नाक हाताला कोमट लागलं, गरम नाही. एक घरघर होती. पट्टा काढून नुसती मोटर चालवली तरी ती होतीच, म्हणजे मोटरचा बेअरिंग. स्वस्तात सुटलो.

इथे माझी फजिती झाली. बॅक गियर टाकून चालू केलं आणि स्पिंडल उलटा फिरू लागला. मी "वायरिंग चुकलंय" म्हणून ओरडलो. तिथले कर्मचारी हसू दाबत म्हणाले, "साहेब, स्विच उलटा टाका." या धाटणीच्या हेडमध्ये बॅक गियरमुळे फिरण्याची दिशाच बदलते, मोटर उलटी चालवूनच ती सरळ करायची असते. काकांनी अख्ख्या वाटेवर मला ते विसरू दिलं नाही.

मोटरच्या पट्टीचा फोटो काढला. १.५ किलोवॅट, २३०/४०० व्होल्ट, डेल्टा/स्टार (मोटरच्या आतल्या जोडणीचे दोन प्रकार). ही एक ओळ नसती तर आणखी विचार करावा लागला असता.

७ डिसेंबर

घेतलं.

१९ डिसेंबर

मशीन आलं. दोन रात्री याच विचारात गेल्या होत्या आणि तरी एक चूक झालीच.

या मशीनचं वजन वरच जास्त, म्हणून ते कलंडतं. उचलण्याआधी रॅम (हेड धरणारा सरकता हात) पूर्ण मागे घेतला, नी खाली आणली आणि हेड वर्मने फिरवून उलटं केलं, मोटर खाली आणि नाक वर. चारही नट एकेक वळसाच सैल केले. मोटरसकट हेड एका माणसाला पेलणारं नसतं, नट पूर्ण सोडले की बोटं जातात. उलट्या हेडमुळे उंची दारातून जाईल इतकी उतरली. टेबलाची हँडलं काढून ठेवली.

गाडीवरून चेन ब्लॉकने उतरवून पायाखाली २५ मिमीच्या लोखंडी सळया घातल्या. मागून निघालेली सळई पुढे घालायची. पहारीने रेटा द्यायचा, तोही खाली, कमरेच्या वर कधीच नाही. सपाट फरशीवर एक टन वजन एक माणूस हसत हलवतो. उंबऱ्यावर मात्र सळई अडली, मागच्याने पहार जोरात मारली आणि मशीन हातभर झुकल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात दोन-तीन अंशच असेल. मी प्रतिक्षिप्त क्रियेने हात पुढे केला. काकांनी कॉलर धरून मागे ओढलं. "पडलं तर पडू दे," एवढंच म्हणाले. मशीन परत बसलं. उंबऱ्यावर लोखंडी पट्टी टाकून मग आत नेलं.

चारही कोपऱ्यांखाली पत्र्याचे तुकडे घालून लेव्हल केलं. बाकी उद्या.

२७ डिसेंबर

वीज. टर्मिनल बॉक्स उघडला, पट्ट्या स्टारमध्ये होत्या. सिंगल फेज २३० घेऊन व्हीएफडी (मोटरचा वेगही बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) थ्री फेज देतो, पण तेही २३०च देतो, म्हणून मोटर डेल्टात करावी लागते. पट्टीवर फक्त ४०० लिहिलं असतं आणि स्टारचा जोड मोटरच्या पोटात असता तर मोटर उघडायची वेळ आली असती. व्हीएफडी २.२ किलोवॅटचा घेतला. मशीनचा जुना फिरता स्विच मुख्य वाटेतून काढला. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये चालू स्थितीत काहीही तोडायचं-जोडायचं नसतं, व्हीएफडी जळतो. चालू, बंद, उलट हे सगळं आता त्याच्या कंट्रोल टर्मिनलवर. जोडणी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतली, अर्थिंगसकट.

वेग कमी करायला नुसती फ्रीक्वेन्सी खाली आणण्याचा मोह होतो. पण फ्रीक्वेन्सी उतरली की पॉवर उतरते आणि मोटरचा पंखाही मंदावतो. २० हर्ट्झच्या खाली जायचं नाही, त्याऐवजी पट्टा बदलायचा किंवा बॅक गियर टाकायचा, असं ठरवलं. मोटरचे दोन्ही बेअरिंग बदलले. घरघर गेली.

३ जानेवारी

हँडल अजून जडच. जिब सैल करून पाहिला तरी फरक नाही. म्हणजे ५ डिसेंबरची "जिब घट्ट असावा" ही नोंद चुकली. तेलाचा पंप ओढला तर दांडा परत येईना. नळ्या तुंबल्यात. टेबल काढावं लागणार.

४ जानेवारी

टेबलाच्या उंचीचं लाकडी बेंच शेजारी लावलं, लीडस्क्रूचा ब्रॅकेट सोडला, जिब काढला आणि टेबल सरकवत बेंचवर घेतलं. तिघं लागलो.

खाली ग्रीस. पिवळं, मेणासारखं घट्ट झालेलं, आणि त्यात चिपांचा बारीक चुरा कालवलेला. कोणीतरी वर्षानुवर्षं तेलाच्या निपलवर ग्रीसगन लावली होती. निपल दिसायला ग्रीसच्याच निपलसारखा असतो, चूक समजण्यासारखी आहे. पण स्लाइडला वाहतं तेल लागतं, चुरा बाहेर ढकलणारं. ग्रीस चुरा धरून ठेवतं आणि बारीक नळ्यांत जाऊन कायमचं बसतं.

सगळा दिवस रॉकेल, ब्रश आणि बारीक तार. तेल मोजून सोडणारे मीटरिंग युनिट दोन मेलेले, बदलायला हवेत. स्लाइडवर ओरखडे आहेत, लांबीच्या दिशेने, नखाला जेमतेम लागणारे. चंद्रकोरी बहुतेक शाबूत.

११ जानेवारी

नवीन नळ्या, नवीन युनिट, ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल. पंप ओढल्यावर दोन्ही स्लाइडच्या कडेला तेलाची रेघ आली तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो.

मग टेबल चढवून तीच मापं पुन्हा काढली, आणि पोटात खड्डा पडला. टेबलाचं टोक उचललं तर ०.०६. त्या दिवशी ०.०२ होतं. जिब आवळून मध्यात बसवला, हँडल मस्त हलकं झालं, आणि टोकाचे शेवटचे शंभर मिमी जड. पहिल्या मशीनचाच आजार, फक्त कमी.

ग्रीसने फट भरून टाकली होती. शिवाय मी टोक झटक्याने उचलून सोडत होतो. जाड ग्रीसमधून टेबल सावकाशच हलणार, तेवढा वेळ मी दिलाच नाही. टोकाला वजन टांगून पाच मिनिटं थांबलो असतो तर काटा हळूहळू उतरताना दिसला असता. किंवा तेलाची बुधली नेऊन स्लाइड भिजवायची, दहा मिनिटं टेबल इकडून तिकडे फिरवायचं आणि मग मापाला बसायचं. काकांनाही सुचलं नव्हतं. ते म्हणाले, "हात धुऊन आलास, मशीन धुतलं नाहीस." सारखं जड हँडल म्हणजे सारखी झीज, असं मी धरून चाललो होतो. ते फक्त सारखं घाण होतं.

संध्याकाळी डोकं शांत झाल्यावर टेबल ५० मिमीच्या टप्प्यांनी सरकवून, प्रत्येक ठिकाणी टोक दाबून-उचलून आकडे लिहिले. मधल्या ४०० मिमीत सगळे आकडे ०.०१च्या आत. बिघाड सगळा त्याच्या बाहेर. माझा सगळ्यात मोठा जॉब २५० मिमी. ८ नोव्हेंबरचं पान उघडून ते पुन्हा वाचलं. मशीन परत करायचा प्रश्न नव्हताच, पण आता मन खाणार नाही.

जिब मध्यासाठी बसवला आणि टोकाच्या शंभर मिमीवर दोन्हीकडे पिवळ्या रंगाची खूण केली.

एक्सचा नट चिरलेला आहे, दोन स्क्रूंनी आवळता येतो. ०.३० वरून ०.१२ झालं, मध्याला आणि टोकालाही. निदान हे निदान तरी बरोबर निघालं. या मशीनवरचा जुना डीआरओ दुरुस्त झाला की मापाला बॅकलॅश आडवा येणार नाही. पण डाउन मिलिंगमध्ये (कटरचे दात फिरतात त्याच दिशेने जॉब सरकवताना) कटर जॉब स्वतःकडे ओढतो आणि टेबल तेवढा प्ले एका उडीत खातं, दात तुटतो. तेव्हा मोठे कट अप मिलिंगनेच (उलट दिशेने), फिनिशचा शेवटचा हलका हात फक्त डाउन.

१८ जानेवारी

हेड ट्रॅम केलं, म्हणजे स्पिंडल टेबलाशी काटकोनात आणला. पपी डायल आडव्या दांड्याला लावून २५० मिमीच्या वर्तुळात फिरवली, टेबलाच्या खड्ड्यांवरून काटा उड्या मारतो म्हणून खाली ग्राइंड केलेली गोल प्लेट ठेवली. क्विल आणि नी लॉक. सुरुवातीला पुढे-मागे ०.३१, डावी-उजवी ०.१८. नट आवळताना हेड थोडं फिरतंच, म्हणून चारही नट आळीपाळीने, पाव-पाव वळसा, आणि प्रत्येक फेरीनंतर डायल. तीन तास. शेवटी पुढे-मागे ०.०१५, डावी-उजवी ०.०१. काका पाऊण तासात करून दाखवतात असं म्हणाले. दाखवलं नाही.

२५ जानेवारी

पहिला खरा जॉब: लेथच्या टूलपोस्टसाठी अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, १०० × ६० मिमी. व्हाइसचा स्थिर जबडा डायलने सरळ केला. ४० मिमीचा फेसमिल, दोन पास. दोन पासच्या सांध्यावर नख फिरवलं, अडकलं नाही. उलटा करून दुसरी बाजू, मग मायक्रोमीटरने चारही कोपरे: २४.९२, २४.९२, २४.९३, २४.९१.

त्यानंतर तोच १० मिमीचा एंडमिल, तेच माइल्ड स्टील, दोन मिमी खोल. आवाज बदलला नाही. चिपा निळसर होऊन काकांच्या चपलेवर पडल्या, ते दोन पावलं मागे सरकले.

वायचा नट अजून आवळायचा आहे, आणि वाकलेलं हँडल सरळ करायचंय.